मागच्या बाजूला पर्याय

शिरसाठकाकांनी माझ्याकडून आजवर अकरा देश शिवून घेतले आहेत.

मी ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश शिवणारी बाई. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझं मशीन आहे आणि वरच्या मजल्यावर शिरसाठकाका. काही वर्षांपूर्वी एका सकाळी ते दारात उभे राहिले. हातात लाल कापडाचा हातभर तुकडा, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सीरिया'.

"ताई, याला मागून ती पट्टी लावून द्या," काका म्हणाले. "पोरांच्या बुटाला असते बघा, कर्रकन निघणारी. सीरिया निघाला पाहिजे आणि परत बसला पाहिजे."

मी त्यांच्याकडे बघितलं. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, धुतलेला पांढरा शर्ट घातलेला माणूस. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. म्हटलं, एकटे राहतात, लागली असेल काहीतरी सवय. मी वेल्क्रो लावून दिला. आठ दिवसांनी अफगाणिस्तान आला. तो लांबीला एवढा होता की माझी पट्टीच संपली.

मग मला कळलं ते असं. काका मोर्च्यांचे फलक रंगवतात. त्यांच्या मते जगातलं युद्ध काही संपत नाही, नुसतं गाव बदलतं. तेव्हा दर वेळी नवा फलक कशाला करत बसायचा? 'युद्ध नको' एवढं कायमचं रंगवून टाकायचं, वर देशापुरती जागा सोडायची आणि तिथे वेल्क्रो ठोकायचा. देश येतील आणि जातील. "मुद्दा तोच, पत्ता नवा," हे काकांचं लाडकं वाक्य. हे वाक्य ते गॅसच्या दराबद्दल म्हणतात, नगरसेवकाबद्दल म्हणतात आणि आमच्या नळाला पाणी येत नाही तेव्हाही म्हणतात.

आमच्या घरात बातम्या लागत नाहीत, मालिका लागतात. त्यामुळे जगात कुठे काय पेटलंय हे मला काकांच्या कापडावरून कळायला लागलं. सुदान आला तेव्हा तर भर लग्नसराई होती. लग्नसराईत माझ्या टेबलावर कशाचा मेळ कशाला नसतो. व्हायचं तेच झालं. पुढच्या गल्लीतल्या बाईंच्या ब्लाउजच्या पिशवीत सुदान गेला आणि काकांच्या पिशवीत त्या ब्लाउजची मोरपंखी बाही. संध्याकाळी बाई दारात हजर. लाल कापड दोन बोटांत धरून म्हणाल्या, "हा सुदान कोणाचा?"

काकांना बाही सापडली ती कलेक्टर ऑफिसच्या फाटकासमोर. मला वाटलं, आता चिडतील. ते बाही नीट घडी करून घेऊन आले. "आज देश न लावताच उभा राहिलो, ताई. नुसतं 'युद्ध नको'. एकानं विचारलं, कुठलं? म्हटलं, उरलेली सगळी."

काकांचं घर एकदा बघण्यासारखं आहे. दोन खोल्या आणि फलक. पलंगाखाली साम्राज्यवाद, माळ्यावर खासगीकरण, कपाटाच्या मागे जंगल आणि जमीन. गॅसच्या शेगडीशेजारी महागाई. "ती खालीच बरी. सारखी लागते," ते सांगतात. फलक म्हणजे हार्डबोर्डची फळी आणि मागे बांबूची काठी. मोर्चा संपला की लोक फलक फाटकाशी टाकून वडापावाच्या गाडीकडे पळतात. काका मागे राहून एकेक फलक वेचतात, पुसतात आणि दोरीने बांधून रिक्षाने घरी आणतात. त्यांच्या हयातीत त्यांनी एकही फलक रस्त्यावर सोडला नाही, असं ते म्हणतात आणि मी त्यावर विश्वास ठेवते, कारण जिन्यात त्या काठ्या माझ्या डोक्याला दोनदा लागल्या आहेत.

फ्लेक्सचा त्यांना संताप आहे. "फ्लेक्स म्हणजे वाढदिवस," ते म्हणतात. "फ्लेक्सवरचा माणूस हसत असतो. मागणी करताना कुणी हसतं का?" अक्षर ब्रशनंच काढलं पाहिजे. आणि ते काढतातही असं की बघत राहावं. ओळ आखत नाहीत, पेन्सिल लावत नाहीत. श्वास रोखतात आणि एका दमात काना खाली आणतात.

हा हात तयार झाला ओझरला. विमानाच्या कारखान्यात काका रंगखात्यात होते, सगळी नोकरी तिथेच. विमानाच्या पंखावर बारीक इंग्रजी अक्षरांत सूचना असतात म्हणे, इथे पाय ठेवू नये, इथे ढकलू नये. तसल्या सूचना रंगवायचं काम. विमानं कसली, तर लढाऊ. दिवसभर लढाऊ विमानावर अक्षरं रंगवायची, सुटी झाली की युनियनच्या खोलीत बसून 'युद्ध नको' रंगवायचं.

मी एकदा विचारलं, "काका, हे दोन्ही जमायचं कसं हो?"

"ब्रश वेगळे होते," ते म्हणाले. मग जरा वेळाने स्वतःच म्हणाले, "समीरनं पण हेच विचारलं होतं."

समीर हा त्यांचा मुलगा. एकुलता एक. इंजिनियर होऊन जर्मनीला गेला. त्याच्या कंपनीतले गिअर म्हणे रणगाड्यातही बसतात. काकांनी फोनवर त्याला सुनावलं. तो तिकडून शांतपणे म्हणाला, "बाबा, तुम्ही ओझरला काय देवाचे पाळणे रंगवत होता?"

"बरोबर बोलला," काका मला म्हणाले. "प्रश्न विचारायला त्याला आम्हीच शिकवलं. त्याची आई तर कौतुक करायची. आता आपल्यावर आलं तर रडून कसं चालेल?"

पण काकांचा खरा हट्ट या सगळ्याहून वेगळा आहे. त्यांच्या प्रत्येक फलकाला दोन बाजू असतात. पुढच्या बाजूला काय नको ते, आणि मागच्या बाजूला काय हवं ते. पुढे 'युद्ध नको', मागे 'तोफेचा पैसा दवाखान्याला'. पुढे 'खासगीकरण नको', मागे 'कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेला चालवू द्या'. पुढे 'जंगलतोड नको', मागे 'जंगल राखतो त्याच्या नावावर जंगल'. नुसता विरोधाचा फलक त्यांच्याकडे मागितला तर मिळत नाही. "नको म्हणायला लहान पोरालाही येतं. दूध नको, शाळा नको. जाणत्या माणसानं पर्याय सांगावा."

हा नियम ते मोर्च्यापुरता ठेवतील तर शिरसाठकाका कसले! सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, टँकर नको. काका कोपऱ्यातून म्हणाले, "पर्याय?" दुसरा म्हणाला, गणपतीला डीजे नको. काका म्हणाले, "पर्याय?" शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणाले, मला सेक्रेटरीपदच नको. काका त्यांच्याकडेही त्याच नजरेने बघत बसले. ही लागण आता आमच्या घरालाही झाली आहे. आमचे हे ताटावर बसून "कारलं नको" म्हणाले की मी डाव हातात धरून पर्याय विचारते. ते गप्प बसून कारलं खातात.

तर आमच्या ह्यांनी एकदा त्याचा सूड घेतला. काका चहाला खाली आले होते. हे म्हणाले, "काका, एक शंका आहे. मोर्चा पुढे चाललेला असतो. समोर पोलीस, साहेब, बघे. त्यांना दिसतं ते नुसतं 'नको'. तुमचा पर्याय दिसतो मागून चालणाऱ्याला. आणि तो तर तुमचाच माणूस. त्याला सांगून काय फायदा?"

काका चहा अर्धा तसाच ठेवून वर गेले. मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. दोन दिवस जिन्यात पाऊल वाजलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. "ताई, मिस्टरांना सांगा, मुद्दा बरोबर आहे. पण पर्याय आधी आपल्याच माणसाला पटावा लागतो. त्याला पटला नाय तर समोरच्याला कोण पटवणार? मागे चालणारा महत्त्वाचा."

ते खरंही असेल. मला राजकारणातलं काही कळत नाही. पण एकदा मी त्यांना त्यांच्या माणसांत बघितलं आहे. सुरगाणा-पेठकडची माणसं जमिनीच्या पट्ट्यांसाठी पायी मुंबईला निघाली होती आणि वाटेत त्यांचा नाशकात मुक्काम होता. आमच्या गल्लीने चपात्या केल्या, त्या द्यायला मी मैदानावर गेले. काका रिक्षाभर फलक घेऊन आधीच पोचले होते. संयोजकांपैकी एक तरुण त्यांना हात जोडून सांगत होता, "काका, सगळ्यांच्या हातात झेंडे आहेत. फलक कोण धरणार? राहू द्या बाजूला."

काका रिक्षाशेजारी उभे राहिले. तोंड एवढंसं झालेलं. तेवढ्यात काही बाया आल्या. जमीन तापलेली, बसायला सावली नाही. त्यांनी सरळ फलक उचलले, खाली मांडले आणि त्यावर बसल्या. 'जंगल राखतो त्याच्या नावावर जंगल' हे वर आलेलं आणि त्यावर एक म्हातारी तळपायाचे फोड बघत बसलेली. मला वाटलं, आता काकांचा जीव जाणार. काका तर खूश! "बसू द्या, ताई. पर्याय टेकायलाच असतो."

म्हातारीने फलकाची काठी चाचपून बघितली. "काठी बरी हाय, बाबा."

काकांनी तिथल्या तिथे खिळे उपटले, फळी काढली आणि काठी तिला दिली. नुसती दिली नाही. वरचं टोक दगडावर घासून गुळगुळीत केलं, तळहाताला टोचू नये म्हणून. मग विचारलं, "आजी, मुंबईपर्यंत जमेल ना?"

"न जमून कसं चालंल?" ती म्हणाली.

त्या दिवशी काका लय बोलले. एरवी त्यांना बोलायला माणूस राहिलेला नाही, हे माझ्या लक्षात यायला मात्र मी उशीर केला. काकू जाऊन चार वर्षं झाली. युनियनचे जुने सोबती कुणी गुडघे धरून बसले, कुणी मुलाकडे पुण्याला गेले, कुणी गेलेच. कांद्याच्या भावासाठी आजही लासलगावला ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे राहतात. पण सुदानसाठी कोण थांबणार? दर मंगळवारी सकाळी काका सीबीएसजवळच्या सिटी बसच्या थांब्याशी फलक घेऊन उभे राहायचे. आधी दहा-बारा जण असायचे. मग पाच. मग काका आणि एक निवृत्तीभाऊ. मग निवृत्तीभाऊंना लेकीने नेलं.

मला काका दर वेळी बोलवायचे. "ताई, येताय का मंगळवारी? अर्धा तास." मी दर वेळी सांगायची, ऑर्डर आहे. ऑर्डर असायचीच. नसली तरी असायची.

निवृत्तीभाऊ गेल्यावर काकांनी नवीनच युक्ती काढली. हे मी रिक्षातून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, नाहीतर मला खरं वाटलं नसतं. काका चार फलक घेऊन थांब्यावर जातात. बसची वाट बघणाऱ्या एखाद्या माणसाला म्हणतात, "जरा धरा हो, बुटाची नाडी बांधतो." माणूस धरतो. आपली माणसं भली आहेत, म्हाताऱ्याने काही हातात दिलं तर आधी धरतात आणि मग विचारतात. काका दुसऱ्याकडे वळतात. "जरा धरा हो, पाणी पितो." असे चारही फलक चौघांच्या हातात गेले की काका भराभर रस्त्याच्या पलीकडे जातात आणि मोबाइलवर फोटो काढतात. मग येऊन सगळ्यांचे आभार मानून फलक परत घेतात.

काकांच्या पायात चप्पल असते हे एकाच्याही लक्षात येत नाही.

एकदा त्यांच्या तावडीत देवळाली कॅम्पला निघालेला एक जवान सापडला. साध्या कपड्यांत होता, पण केस आणि ट्रंक बघून कळत होतं. त्याच्या हातात 'युद्ध नको'. त्याने धरला, वर मान करून वाचायचा प्रयत्न केला, शेजारच्या कॉलेजच्या मुलीकडून अर्थ विचारून घेतला. म्हणाला, "सही लिखा है, अंकल. पीछे क्या लिखा है?" मागे तोफेचा पैसा. आणि जवान निघाला तोफखान्यातला! मुलीने भीत भीत तेही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "दवाखाना तो हमारे गाँव में भी नहीं है." बस आली तेव्हा त्याने फलक काकांच्या हातात नीट दिला, खाली ठेवला नाही. काकांनी ही गोष्ट आम्हाला तीनदा सांगितली.

"पण काका, हे फोटो कशाला?" मी विचारलं.

"रेकॉर्ड," ते म्हणाले आणि विषय बदलला.

जुलैच्या शेवटी एका दुपारी मला परदेशी नंबरवरून फोन आला. मी घाबरून आधी उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला तर, "काकू, मी समीर. वरच्या मजल्यावरचा." मी विचारलं, सगळं बरं ना? तो म्हणाला, बरं आहे, बाबांना कळू देऊ नका, एक मदत हवी आहे.

मग तो सांगत गेला. "आई गेली तेव्हा मी बाबांना म्हटलं, माझ्याकडे चला. तर म्हणाले, माझं अक्षर तिकडं कोण वाचणार? तिथं मी नको म्हटलं तरी कुणाला कळायचं नाय. इथं माझी माणसं आहेत. मी म्हटलं, ठीक आहे, माणसं असतील तोवर राहा. एकटे पडलात तर मात्र मी न्यायला येणार. तेव्हापासून काकू, दर मंगळवारी फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, 'आजचे साथी. उपस्थिती चांगली.' एकदा लिहिलं होतं, 'आज तोफखान्याचाही पाठिंबा.'"

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"काकू, मी फोटो मोठा करून बघतो. आधी तेच तेच चेहरे असायचे. आता दर वेळी माणसं वेगळी असतात. सगळ्यांच्या हातात पिशव्या असतात. आणि सगळे एकाच बाजूला बघत असतात. बस येते त्या बाजूला."

"मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी अंगठा पाठवतो. मी बोललो तर त्यांना यावं लागेल. आणि इकडे येऊन ते काय करतील, मला माहीत आहे. खिडकीत बसतील." तो थांबला. "मदत ही हवी आहे, की त्या एवढ्या फोटोंत बाबा कुठेच नाहीत. फोटो काढायला त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नाही ना. व्हिडिओ कॉल केला की म्हणतात, बैठकीत आहे. मी येऊन गेलो त्याला तीन वर्षं होतील. मला बाबांचा एक फोटो पाठवाल? त्यांना सांगू नका, मला कळलंय म्हणून."

फोन ठेवला आणि मी मशीनसमोर नुसती बसून राहिले. मला माझी लाज वाटली. बारा पायऱ्या वर राहणारा माणूस अनोळखी लोकांना नाडी बांधायची थाप मारून साथी जमवत होता आणि मी खाली बसून ऑर्डर आहे, ऑर्डर आहे करत होते. काहीच ऑर्डर नव्हती त्या मंगळवारांना. एक-दोनदा तर मी दुपारची मालिका सकाळी परत लागते ती बघत होते.

सहा ऑगस्टला हिरोशिमा दिन असतो. त्या दिवशी काका वार बघत नाहीत, फलक घेऊन जातातच. सकाळी जिन्यात काठ्या वाजल्या तशी मी पर्स घेऊन बाहेर आले. "काका, मी येते."

"मेन रोडला अस्तर आणायला जाताय का?"

"नाही. तुमच्याबरोबर."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा लाज वाटली. मग लगेच त्यांनी दोन फलक माझ्या काखेत दिले. कार्यकर्ता म्हणून माझी भरती तिथेच झाली.

थांब्यावर भुरभुर चालू होती. ऑइलपेंटला पावसाचं काही नसतं. काकांनी सराईतपणे एका कॉलेजच्या पोराला, भाजीची पिशवी घेतलेल्या बाईला आणि एका वकिलासारख्या दिसणाऱ्या गृहस्थाला फलक धरायला दिले, चौथा माझ्या हातात. पलीकडे जाऊन फोटो काढला. बस आली, तिघं चढून गेले. काकांनी फलक गोळा करून माझ्या शेजारी भिंतीला टेकवले आणि लगेच फोटोखाली लिहायला लागले.

मी म्हटलं, "काका, आता तुम्ही उभे राहा. मी काढते."

"माझा? माझा कशाला?"

"असू द्या एक."

"नको."

जिभेवर आलेला 'पर्याय?' मी गिळला. पुन्हा म्हटलं, एकच काढते. काका इकडेतिकडे बघायला लागले. थांबा रिकामा झालेला. समोरून एक कुत्रं गेलं, तेवढंच.

"ताई, एकट्याचा नको," ते हळू आवाजात म्हणाले. "एकट्याचा समीरनं बघितला ना, तर तो मला घेऊन जाईल."

मी समीरला शब्द दिला होता. पण माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, त्या बिचाऱ्यालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काका, त्याला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. बस, पिशव्या, सगळं. त्याने मला फोन केला होता."

हातातला मोबाइल त्यांनी खाली केला. एक बस आली, कुणी चढलं नाही म्हणून निघून गेली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून असावं."

"आणि तरी अंगठा पाठवतो?"

"हो."

काकांनी भिंतीला टेकवलेला एक फलक उगाच सरळ केला. मी त्यांचा शेवटचा आधार काढून घेतला की काय, असं वाटत होतं. मग म्हणाले, "आईवर गेलाय. तिलाही सगळं कळायचं आणि ती पण बोलायची नाय." त्यांनी शर्टाची कड खाली ओढली, केसांवरून हात फिरवला. "कुठं उभा राहू?"

"आहात तिथेच."

फलक घ्यायला ते वळले, पण मग नाही घेतला. हात रिकामे ठेवून उभे राहिले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. आधी मागे बांधले, मग पुढे घेतले, मग एक खिशात घातला आणि शाळेच्या फोटोसारखे ताठ झाले. डोळे मोठे केलेले. मी म्हटलं, काका, हसा जरा. ते म्हणाले, जमत नाय. मी तसाच काढला. चांगला नाही आला. मागे थांब्याचा पत्रा, एक फाटकी जाहिरात आणि मध्ये काका. आजूबाजूला एकही माणूस नाही.

"पाठवू?" मी विचारलं.

"पाठवा."

मी समीरला पाठवला. खाली लिहिलं, बाबा शेजारीच आहेत, त्यांना सगळं सांगितलंय. तिकडे नुकतीच सकाळ झाली होती. आम्ही दोघं पत्र्याखाली उभे राहिलो. काका माझ्या मोबाइलकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते, पण कान सगळा माझ्या हाताशी. त्यांना वाटत होतं, आता तिकिटाचं येणार. मलाही तेच वाटत होतं.

मोबाइल वाजला. मी वाचलं आणि मोबाइलच त्यांच्यापुढे धरला. समीरने लिहिलं होतं, "बाबा, चष्मा कधी बदलला?"

काकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत लावला. "दोन वर्षं झाली," ते मला म्हणाले.

"मला काय सांगता? त्याला लिहा."

काकांनी माझा मोबाइल घेतला. एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते लिहायला लागले. लिहिलेलं पुसत होते, पुन्हा लिहीत होते. देवळालीची बस आली आणि गेली, सातपूरची आली आणि गेली. मी चारही फलक दोरीने बांधून ठेवले. दोन वर्षं झाली, डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय, एवढं लिहायला त्यांना वीस मिनिटं लागली.